पटावरची ज्वारी आणि एक्सेलची पाच शून्यं

अकरावीतल्या एका मुलाचा प्रश्न आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ घरं भरली तर एकूण दाणे किती? सरांनी फळ्यावर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ लिहिलं. त्याने कॉम्प्युटर क्लासमध्ये एक्सेलवर करून पाहिलं तर १८४४६७४४०७३७०९६००००० आलं. खरं कोणतं? आणि ही संख्या नुसतीच मोठी आहे, की तिच्यात आणखी काही आहे?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमध्ये बत्तीस वर्षं गणित शिकवलं, आता घरीच असतो. प्रश्न आवडीचा आहे, म्हणून उत्तर लांबणार.

सरांचं बरोबर आहे. एक्सेलचा आकडा चुकीचा आहे हे तर आकडेमोड न करताही कळतं. संख्येच्या शेवटी शून्य यायचं तर ती सम असावी लागते. इथे पहिलं घर सोडलं तर बाकी त्रेसष्टही घरांत सम दाणे आहेत. त्यात पहिल्या घरातला एकटा दाणा मिळवला की बेरीज विषमच येणार.

एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच खरं दाखवतं, पुढे शून्यं भरतं. गंमत म्हणजे २ चा ६४वा घात यंत्राच्या पोटात अगदी बिनचूक असतो, कारण त्याच्या द्विमान लिपीत तो एकावर चौसष्ट शून्यं इतकाच आहे. खोटं असतं ते पडद्यावरचं. पण त्यातून एक वजा करायला सांग, तिथे मात्र ते खरंच अडकतं: आता चौसष्ट एक ओळीने लिहायचे आणि जागा त्रेपन्न अंकांची. मग ते एक वजा केल्यासारखं करतं आणि जुनीच संख्या धरून बसतं. त्या उत्तरातून पुन्हा २ चा ६४वा घात वजा करून बघ. यायला पाहिजे उणे एक, येईल शून्य.

म्हणून हे एकदा कागदावर कर. चौसष्ट वेळा दुप्पट करत बसू नकोस. ६४ ला निम्मं करत जा: ३२, १६, ८, ४, २, १. सहा पायऱ्या झाल्या. आता उलटं यायचं, दरवेळी वर्ग करत. २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५५३६, त्याचा ४२९४९६७२९६. एक वर्ग उरला. घातांक निम्मा करत जायची ही युक्ती आपल्याकडे पिंगळाने छंदशास्त्रात दिली आहे. लघु-गुरूंचे किती प्रकार होतात ते मोजायला त्याला ती लागली.

शेवटचा वर्ग दहा अंकी आहे, तो मधोमध तोडायचा: ४२९४९ आणि ६७२९६. पहिल्याला अ म्हण, दुसऱ्याला ब. संख्या झाली अ गुणिले एक लाख, अधिक ब. आठवीत शिकलेला विस्तार इथे कामाला येतो.

अ चा वर्ग: ४३००० मधून ५१ कमी, म्हणून १८४९०००००० − ४३८६००० + २६०१ = १८४४६१६६०१.
अ आणि ब यांच्या गुणाकाराची दुप्पट: ८५८९८ × ६७२९६ = ५७८०५९१८०८.
ब चा वर्ग: ६७३०० मधून ४ कमी, म्हणून ४५२९२९०००० − ५३८४०० + १६ = ४५२८७५१६१६.

पहिल्यावर दहा शून्यं, दुसऱ्यावर पाच, तिसरी जशीच्या तशी. एकाखाली एक मांडून मिळव:

१८४४६१६६०१००००००००००
५७८०५९१८०८०००००
४५२८७५१६१६

उजवीकडून ओळ धर. बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा केला की सरांचा आकडा.

ताळा बघितल्याशिवाय मी उत्तर खरं मानत नाही, तूही मानू नकोस. नवाचा ताळा: २ च्या सहाव्या घाताला, म्हणजे ६४ ला, ९ ने भागलं की बाकी १. म्हणून साठावा घातही १ च बाकी ठेवतो, राहिला चौथा घात १६, त्याची बाकी ७. आता उत्तराचे अंक मिळव: ८८ येतात. आठ आणि आठ सोळा, एक आणि सहा सात. जमला.

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ही संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी होते. वाचायची कशी? लीलावतीत भास्कराचार्यांनी एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत, आपली संख्या वीस अंकी. म्हणून परार्धाच्या घरातच १८४ मांडावे लागतात: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, आणि तिथून खाली ओळखीचा मुलूख. अल्-बिरूनी या मध्ययुगीन विद्वानाने सुमारे १००० साली हाच आकडा काढून ठेवला आहे, म्हणजे संख्येला हजार वर्षांचं वय आहेच.

आता बेरजेत तो 'वजा एक' कुठून आला? आजीच्या घरात मापांचा संच होता. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. (गावोगाव नावं बदलतात, आमच्याकडे कुडवही चालायचा, पण त्याचा हिशेब निराळा.) ही पाच मापं प्रत्येकी एकदाच भरायची मुभा असली तरी १ पासून ३१ पर्यंत कितीही चिपटी ज्वारी मोजून देता येते. १९ पाहिजे? पायली, मापटं, चिपटं. पाचही भरली तर ३१, आणि त्यात कुणी एक चिपटं आणून ओतलं की बरोबर दोन पायल्या, ३२. पटावरही तेच करून बघ. शेजाऱ्याकडून एक दाणा उसना आणून पहिल्या घरात टाक. तिथे दोन झाले, ते दुसऱ्या घरातल्या दोनांना मिळाले की चार, ते तिसऱ्यातल्या चारांना मिळाले की आठ. असं सरकत शेवटच्या घरापर्यंत गेलं की नेमका २ चा ६४वा घात हातात येतो. उसना दाणा परत कर, संपलं.

मोठेपणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लोक आधीच पुष्कळ बोलतात. मी एकदा नातवाला घेऊन सुपात हजार दाणे ज्वारी मोजली आणि सोनाराच्या काट्यावर नेली. तीस ग्रॅमच्या आसपास भरली. शेजारचे भाऊ ओट्यावरून बघत होते. "काय करून राह्यले मास्तर, ज्वारी इकाले काढली का दाणा-दाणा मोजून?" तीस ग्रॅम धरून चाललं तर पहिल्या दहा घरांची ज्वारी मुठीत मावते. वीस घरांची ३१ किलो. तीस घरांची ३२२ क्विंटल. अर्धा पट, म्हणजे बत्तीस घरं, भरायला साधारण १२८८ पोती लागतात. असे दाणे द्यायचं कबूल करणारा गोष्टीतला राजाच कशाला, एखादा मोठा अडत्याही तेवढी देईल. फसगत पुढच्या अर्ध्यात आहे. पूर्ण पटाचे सुमारे ५५,००० कोटी टन होतात. जगात सगळ्या प्रकारचं धान्य मिळून वर्षाला तीनशे कोटी टनांच्या आतबाहेर पिकतं, म्हणजे दोनशे वर्षांच्या जवळपास सगळ्या जगाने राजासाठीच पेरायचं. भाऊंना हे सांगितलं तर म्हणाले, "आन् बोंडअळी आली तं?"

मोठेपणा हा या संख्येचा सगळ्यात कमी गमतीचा गुण आहे असं मला वाटतं. गंमत ती फुटते कशी यात आहे.

आता कुठल्याही संख्येला अ म्हटलं, तर अ च्या वर्गातून एक वजा केला की (अ − १)(अ + १) होतं. ६४ हा ३२ च्या दुप्पट आहे, म्हणून आपली संख्या सरळ दोन तुकड्यांत फुटते: ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७. यातला पहिला तुकडा म्हणजेच अर्ध्या पटाचे दाणे. ३२ हा १६ ची दुप्पट, म्हणून तो पुन्हा फुटतो: ६५५३५ × ६५५३७. पुन्हा: २५५ × २५७. पुन्हा: १५ × १७. आणि १५ म्हणजे ३ × ५. शेवटी हातात राहतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि तो मोठा ४२९४९६७२९७.

पटाला ६४ ऐवजी ६१ घरं असती तर? तर दाणे झाले असते २३०५८४३००९२१३६९३९५१, आणि ही संख्या कशानेच फुटत नाही, मूळ आहे. १८८३ साली इव्हान पेर्वुशिन नावाच्या रशियन धर्मगुरूने ते हाताने आकडेमोड करून सिद्ध केलं, आणि हा गृहस्थ खेड्यात राहणारा होता. तीन घरांचा फरक, पण एक संख्या अभंग आणि दुसरीचे तुकडेच तुकडे. ६१ ला निम्मं करता येत नाही, कशानेच भागता येत नाही, ६४ ला मात्र शेवटपर्यंत निम्मं करता येतं. घातांक जसा फुटेल तशी संख्या फुटते. (उलट नेहमी खरं नाही: ११ मूळ आहे, पण २ चा ११वा घात वजा एक म्हणजे २०४७, तो २३ × ८९.)

आता त्या सहा तुकड्यांकडे नीट बघ. आधीच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक दोन, असा पुढचा तुकडा येतो. ३ अधिक २ म्हणजे ५. ३ × ५ अधिक २ म्हणजे १७. २५५ अधिक २ म्हणजे २५७. म्हणून यातल्या कुठल्याही दोघांत सामाईक अवयव असूच शकत नाही. असता तर त्याला उरलेल्या २ लाही भागावं लागलं असतं, आणि हे तर सगळे विषम. प्रत्येक तुकडा स्वतःचे नवे मूळ अवयव घेऊन येतो, जुने कधीच वापरत नाही. ही साखळी कितीही पुढे नेता येते, म्हणून मूळ संख्या अनंत आहेत हेही इथेच सिद्ध होतं. गोल्डबाख या गणितीने १७३० साली ऑयलर या दुसऱ्या गणितीला लिहिलेल्या पत्रात हा मुद्दा आहे.

या संख्यांना फर्माच्या संख्या म्हणतात. १६४० च्या सुमारास फर्मा या फ्रेंच गणितीला वाटलं की या सगळ्याच मूळ असणार. पहिल्या पाच आहेतच. सहावी ४२९४९६७२९७, आणि इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या गाइडात वाचून मी वर्गात ठोकून दिलं की ही मूळ आहे. नववीतल्या एका मुलीला ते पटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिने वहीची पाठपोट आठ पानं भागाकारांनी भरून आणली, २ पासून ९७ पर्यंत सगळ्या मूळ संख्यांनी. कशानेच भाग जात नव्हता. ९७ लाच का थांबलीस म्हटलं तर म्हणाली, "सर, पुस्तकात तक्ता तेवढाच हाये." मी तिची पाठ थोपटली आणि म्हणालो, बघ, मूळच निघाली. दोन वर्षांनी नागपूरला एका प्रशिक्षणात कळलं की ऑयलरने १७३२ सालीच दाखवून दिलंय, ६४१ ने भाग जातो. ६४१ ही ११६वी मूळ संख्या, मुलगी पंचविसावीवर थांबलेली. ती तोवर शाळा सोडून गेली होती, तिला सांगायचं राहूनच गेलं.

पण ऑयलरने काही ११६ भागाकार केले नाहीत. त्याची वाट अशी. २ चे घात घेत जा आणि दरवेळी ७ ने भागून बाकी बघ: २, ४, १, २, ४, १. तीनाचं चक्र. ११ ने भागलीस तर दहाचं चक्र, १७ ने आठाचं. चक्राची लांबी नेहमी मूळ संख्येपेक्षा एकाने लहान अशा संख्येला भागते: ३ ने ६ ला, १० ने १० ला, ८ ने १६ ला. (आपली संख्या ७ ने का जात नाही तेही यातच आहे. ६४ ला ३ ने भागून १ उरतो, म्हणून चौसष्टाव्या घाताची बाकी २, वजा एक म्हणजे १.) आता एखादी मूळ संख्या ४२९४९६७२९७ ला भागत असेल तर तिच्यासाठी २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे एक, आणि ६४व्याची एक. म्हणजे चक्र बरोबर ६४ चं. म्हणजे त्या मूळ संख्येतून एक वजा केला की ६४ ने भाग गेलाच पाहिजे. उमेदवार किती उरले? ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. त्यातले मूळ १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचवा भागाकार जातो. भागाकार येतो ६७००४१७.

भागाकार न करताही ते दिसतं, आणि ही ओळ मला फार आवडते. ६४१ दोन प्रकारे लिहिता येतो: ६४० अधिक १, म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ५ गुणिले २ चा सातवा घात याची बाकी उणे एक. चौथा घात घे: ५ चा चौथा गुणिले २ चा अठ्ठाविसावा, बाकी एक. दुसऱ्यावरून, ५ च्या चौथ्या घाताच्या जागी उणे २ चा चौथा चालतो. ठेव: उणे २ चा बत्तिसावा घात, बाकी एक. म्हणजे २ चा बत्तिसावा घात अधिक एक याला भाग जातो. कागदाच्या चिठ्ठीवर मावतं एवढं.

तर आपली संख्या पूर्ण फुटली: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात मूळ अवयव, एकही दोनदा नाही. विभाजक बनवताना प्रत्येक अवयव घ्यायचा की सोडायचा एवढाच प्रश्न, चिपटं-मापट्यासारखा. सात वेळा दोन, म्हणून विभाजक १२८.

फर्माच्या मूळ संख्या पाचाच्या पुढे अजून एकही सापडलेली नाही. पहिलीला शून्यावी धरून मोजलं तर पाचवीपासून बत्तिसावीपर्यंत सगळ्या संयुक्त असल्याचं सिद्ध झालंय. पण त्या पाचांना भूमितीत मोठा मान आहे. १७९६ साली एकोणीस वर्षांच्याही आत असलेल्या गाउस या जर्मन गणितीने शोधलं की १७ बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो. विषम बाजूंचे असे बहुभुज तेव्हाच काढता येतात, जेव्हा बाजूंची संख्या म्हणजे फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असतो. पाचांतून घ्या किंवा सोडा, एकही न घेणं वगळलं तर ३१ प्रकार. हो, आजीच्या पाच मापांचे ३१. त्यातला सगळ्यात मोठा बहुभुज ४२९४९६७२९५ बाजूंचा, म्हणजे अर्ध्या पटावर जितके दाणे तितक्या बाजू. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रात्री लाइट गेलेली असताना कंदिलाजवळ बसून पुन्हा गुणून पाहिलं होतं. ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची रीत लिहून काढायला हेर्मेस नावाच्या जर्मन गणितीने दहा वर्षं घालवली. हौस.

आपली पूर्ण पटाची संख्या तुला आणखी दोन ठिकाणी भेटेल. ल्यूका या फ्रेंच गणितीने १८८३ साली काढलेल्या हनोईच्या मनोऱ्याच्या खेळात चौसष्ट चकत्या हलवायला बरोबर एवढ्याच खेळ्या लागतात. सेकंदाला एक धरली तर ५८,००० कोटींहून जास्त वर्षं. आणि हल्लीच्या ६४ बिटांच्या यंत्रात चिन्ह न धरता मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या हीच. तुझ्या क्लासच्या कॉम्प्युटरलाही ती लिहिता येते, पण एक्सेलमधून नाही. पायथॉन टाकून घे, त्यात वीसही अंक खरे येतील.

शेवटचा तुकडा ६७००४१७ खरंच मूळ आहे का, असं तू विचारशील म्हणून मीच करून ठेवलंय. त्याचा अवयव हा मोठ्या ४२९४९६७२९७ चाही अवयव, म्हणून ६४ चा नियम त्यालाही लागू. ल्यूकाने तर दाखवलं की इथे ६४ च्या जागी १२८ घेतला तरी चालतं. वर्गमूळ २५८८ च्या जरा वर, तेवढ्यापर्यंतच बघायचं. १२८ च्या पाढ्यात एक मिळवत गेलं तर तिथपर्यंत वीस संख्या येतात, त्यातल्या मूळ पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. पाच भागाकार केले, बाक्या आल्या १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही, म्हणून मूळ. तू हे पाचही स्वतः कर, आणि माझी एखादी बाकी चुकली असेल तर न लाजता कळव.